नानांच्या पोटाला दिलेली दहा मिनिटं

तमाम नाशिककरांना, आणि त्यातही ज्यांना जेवणानंतर छातीखाली जळजळतं पण जे 'होईल बरं' म्हणून ओव्याची चिमूट तोंडात टाकून झोपतात अशांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की माणसाचं पोट एक मिनिट चाळीस सेकंदांत बघून होत नाही. याउपर कोणी तसा दावा केल्यास त्याला आमच्या नानांकडे पाठवावे. नाना ऐंशीला टेकले आहेत, पण अजून कोणाचीही तपासणी करायला त्यांची ना नसते.

नाना म्हणजे माझे वडील. नाशिक रोडच्या छापखान्यात ते तपासनीस होते. तिथे काय छापतात हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं, पण नानांनी घरात त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. शेजारच्या मावशींनी एकदा सहज विचारलं, "काय हो, आज किती छापल्या?" तर नाना म्हणाले, "पाऊस येणार वाटतं." मार्च महिना होता.

त्यांचं काम मात्र आम्हाला माहीत होतं, कारण ते कामावरून सुटले तरी काम त्यांच्यातून सुटत नसे. तपासणीच्या सेक्शनमध्ये बसून छापून आलेल्या मोठ्या शीटा एकेक करून बघायच्या आणि खोट काढायची. कुठे शाई फुटली, कुठे रेघ तुटली, कुठे रंग हलला. नानांची पद्धत ठरलेली होती. आधी चारही कोपरे, मग कडा, आणि मधला भाग शेवटी. "मधलं आपोआप दिसतं," ते म्हणायचे, "खोट लपते ती कडेला."

घरात त्यांनी हीच पद्धत चालवली. पापड उजेडासमोर धरून बघायचे. भाकरी आधी कडेनं फिरवून मग मोडायचे. लग्नपत्रिका आली की मजकूर वाचायच्या आधी छपाई तपासायचे, आणि गणपतीची सोंड दोन रंगांत हलली असेल तर त्या लग्नाबद्दल त्यांचं मत वाईट व्हायचं. आई चिडायची. "अहो, घरात आहात तुम्ही! सेक्शनमध्ये नाही!" पुढे मला बघायला मुलगा आला, तेव्हा नानांनी त्याला अवाक्षर न बोलता सहा मिनिटं बघितलं आणि पास केलं. एक खोट राहून गेली होती. ती सापडायला मला वीस वर्षं लागली, पण त्यात नानांचा दोष नाही. माल परत करण्याची मुदत संपली होती.

लग्नाआधी मी एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कचेरीत टायपिस्ट होते. आमच्या कॉलनीतल्या जयंती उत्सवाच्या नाटकात दरवर्षी काम करायचे. राणी असो नाहीतर गावची पाटलीण, मुख्य भूमिका माझीच. हे सांगतेय ते बढाई म्हणून नव्हे. या गोष्टीत माझ्या हातून जो गाढवपणा झाला, त्याचं मूळ त्या नाटकात आहे.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. नानांना चार घासांत पोट भरल्यासारखं व्हायला लागलं. आधी आईला वाटलं, भाजीला नावं ठेवायची ही नवी तऱ्हा. मग त्यांनी कमरेच्या पट्ट्याला खिळा तापवून एक नवं भोक पाडलं. महिन्याभरात दुसरं पाडलं. कॉलनीतल्या डॉक्टरांनी पांढऱ्या औषधाच्या बाटल्या दिल्या. नाना त्या हलवून, उजेडात धरून, तळाशी गाळ बसलाय का ते बघून प्यायचे. फरक पडेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "एकदा दुर्बीण घालून बघू."

दुर्बीण म्हणजे लांब काळी नळी. ती तोंडातून पोटात जाते, पुढच्या टोकाला उजेड असतो, आणि बाहेरच्या टोकाला डॉक्टर डोळा लावून बसतात. नाशिकमध्ये ही गोष्ट तेव्हा नवलाची होती. आणि नेमकं त्याच महिन्यात गावात तपासणीचं शिबिर लागलं. मुंबईहून मोठे डॉक्टर येणार, रविवारी सकाळी सगळ्यांची पोटं बघणार आणि दुपारच्या गाडीनं परत जाणार. माझ्या कचेरीतल्या एका बाईंच्या दिरांची तिथे ओळख होती. मी ओळख लावून नानांचा नंबर लावला. हे मी मोठ्या दिमाखात केलं, हेही नमूद करते.

रविवारी आम्ही तिघं गेलो. बाकांवर माणसंच माणसं. आदिवासी पट्ट्यातून रात्रीच निघून आलेली, वणीकडची, सिन्नरची. दार उघडायचं, एकाला आत घ्यायचं, आणि तुम्ही नाक शिंकरेपर्यंत तो बाहेर. डॉक्टरांचा हात म्हणजे वीज! बाकावर सगळे तेच बोलत होते. "लय फास्ट हाय गडी," माझ्या शेजारचे एक आजोबा म्हणाले, "कळतबी नाय कधी घातली अन् कधी काढली."

मी तर दाराच्या फटीतून बघून हरखूनच गेले. उजव्या हातानं नळी आत, डाव्या हातानं चक्र फिरव, डोळा काचेला, "हं... हं... नॉर्मल!" आणि नळी बाहेर. काय ऐट! मला वाटलं, हा माणूस नाटकात हवा.

नाना डाव्या कुशीवर झोपले. आता बघा, घड्याळ माणूस डाव्या मनगटावर बांधतो, आणि डाव्या कुशीवर झोपलं की ते मनगट बरोबर नाकासमोर येतं. तोंडात नळी, डोळ्यांत पाणी, घशात उमासे, आणि या माणसानं काय करावं? सेकंदकाटा बघितला.

बाहेर आले ते तोंड पुसत. घसा बधिर होता, त्यामुळे पहिला शब्द फुटायला जरा वेळ लागला. "एक मिनिट चाळीस."

"काय एक मिनिट चाळीस?" आई म्हणाली. "निकाल सांगा!"

"नॉर्मल."

आईनं तिथल्या तिथे हात जोडले, रस्त्यात उतरून अर्धा किलो पेढे घेतले आणि संध्याकाळपर्यंत कॉलनीतल्या आमच्या आख्ख्या चाळीत वाटले. मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. कॉलनीच्या पाराजवळ पंधरा-वीस लोक जमले होते. मी सायकलची जुनी ट्यूब आणली, समोरच्या काकांना बाकावर आडवं केलं आणि मुंबईच्या डॉक्टरांचा प्रयोग करून दाखवला. "हं... हं... नॉर्मल! चला, पुढचा!" लोक लोळायचे बाकी राहिले. लोकाग्रहास्तव दुसऱ्या दिवशी पुन्हा केला.

नाना एकटे हसले नाहीत. त्यांनी पेढाही खाल्ला नाही. आईला वाटलं, पोटामुळे. पण ते विचारात होते. तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना, म्हणजे आम्ही जेवत असताना आणि ते ताटाकडे बघत असताना, ते म्हणाले, "त्या दिवशी निघायच्या आधी बाकावर मी सगळ्यांना विचारलं. माझ्या आधीचे, माझ्या नंतरचे. सगळे नॉर्मल."

"मग चांगलंच आहे की," आई म्हणाली.

"सगळे? तंबाखूवाले, दारूवाले, सहा महिने उलट्या होणारे, सगळे नॉर्मल?"

"देवाची कृपा म्हणा."

"सेक्शनमध्ये असं होतं ना," नाना म्हणाले, आणि आम्ही दोघी घास हातात धरून थांबलो, कारण सेक्शनच्या आत काय चालतं हे ते उभ्या जन्मात पहिल्यांदा बोलत होते, "वरून घाई असते त्या दिवशी खराब शीट निघतच नाही. एकसुद्धा नाही. नव्या माणसाला वाटतं, वा, आज छपाई उत्तम झाली. छपाई रोजच्यासारखीच असते. बघणाऱ्याला वेळ नसतो. ज्याच्या टेबलावर एकही खोट निघत नाही, त्याचा गठ्ठा आम्ही आधी परत मागवतो."

आईनं घास ताटात ठेवला. "म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"माझा गठ्ठा परत मागवायचा."

मग जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडायला दोघं लागतात आणि नाना गप्प होते. "पेढे वाटून झालेत!" आई म्हणाली. "अर्धा किलो! आता परत नळी घातली तर लोक काय म्हणतील? मावशी विचारतील, मग पेढे कसले होते? एवढा मोठा मुंबईचा डॉक्टर, तो खोटं बोलेल? आणि काही नसताना शोधत बसलं तर काहीतरी सापडतंच हो!" नाना एवढंच म्हणाले, "सापडलं तर ते आधीपासूनच असतं." आणि मी? मी आईच्या बाजूनं होते. ओळख मी लावली होती. प्रयोग मी केला होता, तोही दोनदा. नानांचं खरं ठरलं असतं तर मी ट्यूब हातात धरून उभी असलेली एक विदूषक ठरले असते.

पण नंतरच्या रविवारी सकाळी नाना खिळा तापवताना दिसले. तिसरं भोक. मी त्यांच्या हातातून पट्टा घेतला. तो आता त्यांना जवळजवळ दीड वेळा गुंडाळता आला असता. मला तो हातात जड लागला. माझ्या तोंडून निघालं, "नाना, कुठल्या डॉक्टरकडे जायचं?"

"सगळ्यात हळू कोण आहे?"

हा प्रश्न नाशिकमध्ये तोवर कोणी विचारला नसावा. उत्तर मात्र सगळ्यांना तोंडपाठ होतं. नाशिकला गावात, अरुंद गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्यांनी नुकतीच दुर्बीण आणली होती, आणि त्यांची ख्याती अशी की विचारता सोय नाही. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "त्या बाईकडे? अगं, नळी घालतात आणि विसरून जातात! माझ्या जावेला घालून बसल्या होत्या, तेवढ्यात माझा स्वयंपाक झाला असता." कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "नवशिक्या आहेत. पोट कुठे आहे तेच शोधत असतील बिचाऱ्या." केमिस्ट म्हणाला, "हात बसलेला नाही हो. हात बसला की वेळ कमी लागतो."

प्रत्येक निंदा ऐकून नानांचा चेहरा खुलत गेला. मावशींच्या जावेची हकिकत तर त्यांनी दोनदा सांगायला लावली. "साधारण किती वेळ होती म्हणे नळी?"

सिटी बसनं आम्ही तिघं गेलो. आई आली, पण निषेध म्हणून खिडकीकडे तोंड करून बसली. दवाखाना इवलासा. बाई चाळिशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, साडीचा पदर कमरेला खोचलेला, आणि डोळ्यांत ती सावध नजर, जी रोज तक्रारी ऐकणाऱ्या माणसांची असते. नानांनी नमस्कार करून सरळ विचारलं, "बाई, तुम्हाला एका पोटाला किती वेळ लागतो?"

बाई ताठ झाल्या. "वेळ लागतो मला. घाई असेल तर दुसरीकडे..."

"किती?"

"सात-आठ मिनिटं. कधी दहा. आधी पोटातला फेस बसायला औषध पाजते, ते पिऊन थांबावं लागतं. मग हवा भरून पोट फुगवायचं, म्हणजे घड्या उलगडतात. घड्यांमध्येच लपतं सगळं. आत चिकट असेल तर पाण्यानं धुवायचं. मग नळी वळवून मागं बघायचं, वरचा भाग..." त्या एकदम थांबल्या. "लोकांना त्रास होतो, कळतं मला. पण मला घाईत दिसत नाही हो."

नानांनी आईकडे वळून बघितलं. मुलीला स्थळ पसंत पडल्यावर बापाचा जसा चेहरा होतो, तसा. "ठरलं," ते म्हणाले. मग बाईंना म्हणाले, "दहा धरा."

"सहन होईल तुम्हाला?"

"आख्खी हयात एका स्टुलावर बसून गेली, बाई. दहा मिनिटं आडवं पडणं ही मला सुट्टी आहे. फक्त कोपरे आधी बघा."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. "मी तसंच करते," त्या म्हणाल्या.

सुई टोचायला हात मोकळा हवा म्हणून घड्याळ काढावं लागलं. नानांनी ते माझ्या हातात दिलं आणि बाईंना सांगितलं, ही आत उभी राहील, वेळ बघेल. बाईंनी भुवया उंचावल्या, पण हो म्हणाल्या. आई बाहेर बाकावर बसली.

मी आजवर पुष्कळ नाटकं केली. भरल्या पटांगणात माईक बंद पडला तेव्हासुद्धा डगमगले नाही. पण त्या खोलीत सेकंदकाट्यावरून नजर हलवायची माझी हिंमत होईना. एक मिनिट झालं. एक चाळीस झालं. इथे त्या रविवारी नळी बाहेर आली होती. बाई अजून नुसत्या पाणी सोडून धूत होत्या. तीन मिनिटं. "हा कोपरा साफ." चार. नानांच्या डोळ्यांतून धार लागली होती, पण त्यांनी बाजूला धरलेल्या हाताची बोटं हलवून मला खूण केली: चालू द्या. पाच. बाईंनी चक्र फिरवून नळी आतल्या आत वळवली. सहा. त्या थोड्या मागे सरकल्या. पुन्हा पुढे आल्या. पुन्हा धुतलं. आणि गप्प झाल्या.

ते गप्प होणं मला अजून ऐकू येतं. तोवर त्या पुटपुटत होत्या, हे साफ, ते साफ. आता नाही. साडेसहा. सात.

"इथे आहे काहीतरी," त्या हळूच म्हणाल्या. "पोट जिथे आत मुडपतं ना, त्या मोडीच्या मागे. छोटंसं. चहाचा डाग धुऊन उरतो तसं. सरळ बघितलं तर दिसतच नाही."

नळीतूनच एक बारीक चिमटा आत सोडून त्यांनी तांदळाच्या कणीएवढे चार-पाच तुकडे काढले. मग उरलेला सगळा भाग पुन्हा बघितला. घड्याळात बारा मिनिटं झाली होती.

नळी निघाली. नाना उठून बसले, लाळ गळत होती, घसा बसला होता. मी त्यांना कसं सांगावं या विचारात असताना बाईंनीच सांगितलं. एक जागा दिसली आहे, तुकडे मुंबईला पाठवू, तोवर काही सांगता येणार नाही. नानांनी सगळं ऐकलं. आणि मग, देवाशपथ सांगते, त्या माणसाच्या चेहऱ्यावर विजय उमटला.

"कडेला होतं?"

"हो."

"सातव्या मिनिटाला?"

मी मान हलवली. नाना तशाच लाळेरल्या तोंडानं, टॉवेल गळ्यात अडकवून, दार उघडून बाहेर आले आणि आईला म्हणाले, "सापडली! मी म्हणत नव्हतो?"

आईला रडावं की त्यांना बदडावं हे कळेना. तिनं दोन्हीचा प्रयत्न केला.

आठवड्यानं मुंबईहून कागद आला. कर्करोगच होता. आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. पण बाईंनी तो कागद आमच्यासमोर ठेवून एका वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली, आणि म्हणाल्या, "हे वाचा. अजून वरच्या थरातच आहे. खाली उतरलेला नाही. या वेळी सापडतो असं फार कमी वेळा होतं. सहा महिने उशीर झाला असता तर मी तुमच्याशी असं बोलत नसते." मग जरा थांबून, "नाना, तुम्ही परत तपासायला आला नसतात तर..." आणि वाक्य सोडून दिलं.

मी बाहेर येऊन जिन्यात बसले. नॉर्मल, नॉर्मल, पुढचा. माझाच आवाज कानात वाजत होता. नाना शेजारी येऊन बसले. मी म्हटलं, "नाना, माझ्यामुळे..." तर म्हणाले, "तुझ्यामुळे काय? नंबर तर लागला. पहिली तपासणी झाली नसती तर दुसरी कशाला मागितली असती?" थोड्या वेळानं म्हणाले, "तो डॉक्टर वाईट नव्हता गं. त्याला गाडी पकडायची होती. आमच्या इथेसुद्धा गाडी पकडायची असली की चांगली चांगली माणसं चुकतात. पण ती सायकलची ट्यूब आता फेकून दे."

ऑपरेशन झालं. अर्ध्याहून जास्त पोट काढलं. नाना एवढे वाळले की आई त्यांना हात धरून नळावर न्यायची. दिवसातून सहा वेळा, चमचा-चमचा मऊ भात. पण हळूहळू एकेक भोक मागे जात पट्टा पूर्ववत झाला, आणि चार महिन्यांनी नाना सेक्शनच्या स्टुलावर परत बसले. पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आले, जेवायला बसले, भाकरी कडेनं फिरवली आणि म्हणाले, "ही इथे करपलीय." आई स्वयंपाकघरात तोंडावर पदर घेऊन हसली की रडली, मला सांगता येणार नाही.

सगळी चाळ पेढ्यांची वाट बघत होती. मावशींनी दोनदा विचारलं. आईनं ठणकावून सांगितलं, "एकदा घाईत वाटले, तेवढं पुरे झालं. वर्षानं बाई परत दुर्बीण घालणार आहेत. त्या साफ म्हणाल्या की बघू."

ते वर्ष आईनं कसं काढलं ते तिचं तिला ठाऊक. नानांनी एखादा घास मागे ठेवला तरी तिचा हात थांबायचा. पण तपासणीच्या दिवशी मात्र ती नवं लुगडं नेसून, सकाळी सातलाच पेढ्यांचा किलोचा पुडा घेऊन तयार. बसमध्ये खिडकीकडे बघितलं नाही, सारखा पुडा मांडीवर सावरत होती.

गल्लीतला तो जिना चढलो तर वरपर्यंत माणसं. वर्षभरात गर्दी वाढली होती. नानांनी सेक्शनमधल्या निम्म्या लोकांना तिथे पाठवलं होतं, आणि त्या निम्म्यांनी आपापल्या नातेवाइकांना. कोणी कुरकुरलं, "लय वेळ लावत्यात बाई," की दुसरा कोणी त्याला गप्प करायचा, "म्हणून तर आलोय!" बाईंनी आम्हाला बघितलं आणि त्यांचा चष्मा कपाळावरून आपोआप खाली आला. त्या आता सावध दिसत नव्हत्या.

नानांनी सवयीनं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. ते माझ्या हातात पोहोचलंच नाही. मधेच आईनं घेतलं. "मी बघते," ती म्हणाली. "तू बाहेर बस." मी बाहेर कसली बसते! मी पेढ्यांचा पुडा पोटाशी धरून दारातच उभी राहिले.

नाना डाव्या कुशीवर. नळी आत. आई टेबलाच्या पायथ्याशी, घड्याळ दोन्ही हातांच्या ओंजळीत, जसा दिवा वाऱ्यापासून जपावा तसं. ओठ हलत होते. आधी मला वाटलं, प्रार्थना म्हणतेय. ती सेकंद मोजत होती.

बाई बघत होत्या. धूत होत्या. पुन्हा बघत होत्या. "हा कोपरा साफ. शिवणीची जागा साफ. ही कड... साफ." खोलीत नुसता पाण्याचा आवाज आणि नानांच्या घशातली घरघर. पाच मिनिटं. सहा. सातव्या मिनिटाला आईनं डोळे मिटले. सातवं मिनिट सरलं. बाई पुटपुटत राहिल्या. साफ. साफ. आठव्या मिनिटाला त्यांनी काचेवरून डोळा काढला, पाठ सरळ केली आणि वळून आईकडे बघून हसल्या.

"काही नाही. सगळं साफ आहे. पोटच आता कमी राहिलंय, बघून झालंसुद्धा." आणि नळी ओढायला हात घातला.

मी तिथेच पुडा सोडायला लागले. पुड्याचा दोरा सुटला आणि दोन पेढे जमिनीवर गडगडले. दारामागच्या जिन्यातून कोणीतरी "साफ! साफ!" असं खालपर्यंत पोचवलं. नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नळीमुळे की कशामुळे कोण जाणे. आणि माझी आई, जिनं एक मिनिट चाळीस सेकंदांवर अर्धा किलो पेढे वाटले होते, ती घड्याळ उंच धरून पुढे झाली आणि आख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली:

"बाई, काढू नका! दोन मिनिटं बाकी आहेत अजून!"